बेल्जियमने काँगो घडवला का? एका दाव्याचा प्रतिवाद

आफ्रिकेतील युरोपीय सत्तेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याने काँगोत जाऊन अरबांचा गुलामांचा व्यापार मोडून काढला, तिथल्या सरदारांनी स्वखुशीने त्याच्याशी करार केले, जिथे धड पायवाट नव्हती तिथे रेल्वे, दवाखाने आणि शाळा आल्या, अत्याचार केले ते काही माथेफिरू अंमलदारांनी, माणसे मेली ती मुख्यतः रोगराईने, आणि १९०८ मध्ये बेल्जियमने सगळे सुरळीत केले, पुढे १९६० मध्ये गोरे निघून गेले आणि चालता देश काँगोवासीयांनी स्वतःच्या हाताने बुडवला. यातली काही विधाने अर्धी खरी आहेत, आणि त्यामुळेच हा मजकूर वाचणाऱ्याला पटतो. परंतु ती अर्धी सत्ये एकत्र ठेवून पाहिली तर वेगळेच चित्र दिसते. काँगोतील राज्ययंत्रणा कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त माल बाहेर काढण्यासाठी उभारलेली होती, आणि तिथली हिंसा, तिथली रेल्वे व १९६० चा गोंधळ हे तिन्ही त्याच उभारणीतून आले.

पहिला दावा: गुलामगिरी संपवण्यासाठी ते तिथे गेले.

पूर्व काँगोत झांझिबारकडील स्वाहिली-अरब व्यापाऱ्यांचा गुलामांचा व्यापार होता, तो क्रूर होता, आणि लिओपोल्डच्या सैन्याने १८९२ ते १८९४ या काळात त्यांच्याशी युद्ध करून त्यांचा पाडाव केला, हे खरे आहे. मात्र हा मजकूर पाठवणारे त्याआधीची पाच वर्षे वगळतात. १८८७ मध्ये लिओपोल्डने त्या व्यापाऱ्यांपैकी सर्वांत बलाढ्य अशा टिप्पू टिपलाच स्टॅन्ली फॉल्स प्रांताचा पगारी गव्हर्नर नेमले होते. तोवर पूर्वेकडे जाण्याइतके बळ राजाकडे नव्हते. बळ आल्यावर युद्ध झाले, आणि ज्या हस्तिदंतासाठी तो व्यापार चालत होता ते हस्तिदंत राजाच्या कोठारात जाऊ लागले. राजाच्या ‘फोर्स पब्लिक’ या सैन्यातही सुरुवातीला विकत घेतलेल्या किंवा ‘सोडवलेल्या’ गुलामांची भरती होत असे आणि दर भरतीमागे अंमलदाराला बक्षिशी मिळत असे.

राजाच्या हेतूंबद्दल तर्क लढवण्याची गरज नाही, कारण ते त्याच्या वागण्यात आणि पत्रांत नोंदले गेले आहेत. गादीवर येण्यापूर्वी त्याने सेव्हिलच्या दफ्तरखान्यात बसून स्पेनला अमेरिकेतील वसाहतींतून किती उत्पन्न मिळाले याची कागदपत्रे चाळली, आणि डचांनी जावामध्ये १८३० पासून शेतकऱ्यांकडून सक्तीने ऊस, कॉफी व नीळ पिकवून घेऊन आपल्या तिजोरीत किती भर घातली याचा अभ्यास केला. १८७७ मध्ये लंडनमधील आपल्या राजदूताला लिहिताना त्याने आफ्रिकेला सुंदर केक म्हटले आणि त्याचा एक तुकडा मिळवण्याची संधी हुकता कामा नये असे सांगितले. गुलामगिरीविरोधाची भाषा त्याने युरोपातील दरबारांसाठी राखून ठेवली होती. १८८९-९० मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या गुलामगिरीविरोधी परिषदेचा यजमान तोच होता, आणि १८८५ मध्ये बर्लिनच्या परिषदेत मुक्त व्यापाराचे वचन देऊन बसलेल्या या राजाने त्या परिषदेतून आयात जकात बसवण्याची परवानगी पदरात पाडून घेतली.

दुसरा दावा: सरदारांनी करार करून प्रदेश दिला.

राजासाठी काम करणारा शोधप्रवासी हेन्री मॉर्टन स्टॅन्ली आणि त्याच्या हाताखालच्या माणसांनी १८७९ ते १८८४ या काळात शेकडो सरदारांकडून कागदांवर खुणा करून घेतल्या. त्यातला एक करार जवळून पाहण्यासारखा आहे. १ एप्रिल १८८४ रोजी न्गोम्बी आणि मफेला येथील सरदारांनी दर महिन्याला प्रत्येकी कापडाचा एक तागा आणि त्याच वेळी हातात पडलेले थोडे कापड, एवढ्या मोबदल्यात आपल्या सर्व प्रदेशावरील सार्वभौम अधिकार कायमचे सोडले आणि रस्ते, बांधकामे व मोहिमा यांसाठी माणसे पुरवण्याचेही कबूल केले, असे त्या कागदावर लिहिले आहे. ज्या भाषेत हा मजकूर होता ती भाषा त्यांना येत नव्हती, आणि जमीन कायमची देऊन टाकण्याची कल्पना त्यांच्या समाजव्यवस्थेत बसणारी नव्हती. असल्या कागदाला करार म्हणायचे असेल तर आपल्याकडे सावकाराने अंगठा उठवून घेतलेल्या प्रत्येक कोऱ्या कागदालाही तसेच म्हणावे लागेल. याच कागदांच्या बळावर नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात चाललेल्या बर्लिन परिषदेच्या सुमारास, जिथे एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता, युरोपीय सत्तांनी बेल्जियमच्या सुमारे ७६ पट मोठ्या प्रदेशावर एका माणसाचा खासगी हक्क मान्य केला.

त्याआधी तिथे राज्यसंस्थाच नव्हती, हेही या मुद्द्याला जोडून सांगितले जाते. काँगो नदीच्या मुखाजवळच्या राज्याचा राजा अफोन्सो पहिला याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रे लिहून, तुमचे व्यापारी आमच्या प्रजेला, अगदी आमच्या नातलगांनाही पकडून नेत आहेत, अशी तक्रार केली होती. ती पत्रे आजही उपलब्ध आहेत.

तिसरा दावा: अत्याचार काही मोजक्या माणसांनी केले.

या मुद्द्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण संपूर्ण मजकुराचा भार याच्यावर आहे.

१८८५ मध्ये राज्य स्थापन होताच ‘पडीक’ जमीन सरकारची, असा हुकूम निघाला. गावाच्या लागवडीपलीकडचे जंगल गावकऱ्यांच्या शिकारीचे, लाकडाचे, औषधी मुळ्यांचे असते, हे त्या हुकुमाने गणतीतच धरले नाही. १८९१-९२ च्या हुकुमांनी त्या जंगलातील हस्तिदंत आणि रबर गोळा करण्याचा हक्क सरकारने आणि सरकारी मक्तेदार कंपन्यांनी स्वतःकडे घेतला. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर बनवल्यापासून युरोप-अमेरिकेत रबराची मागणी वाढत होती. मळ्यातले रबराचे झाड चीक देऊ लागायला काही वर्षे जातात, पण काँगोच्या जंगलात रबराच्या वेली आयत्या उभ्या होत्या; म्हणून आशियातील मळे तयार होण्यापूर्वी जितके काढता येईल तितके काढून घेण्याची घाई होती. १८९० मध्ये काँगोतून सुमारे १०० टन रबर बाहेर गेले, १९०१ मध्ये सुमारे ६,००० टन.

हे रबर कसे निघत होते? ‘अबिर’ या मक्तेदार कंपनीच्या मुलखात प्रत्येक प्रौढ पुरुषावर दर पंधरवड्याला तीन ते चार किलो सुक्या रबराची सक्ती होती. गावाजवळच्या वेली संपल्या की माणसांना कित्येक दिवसांच्या अंतरावर आत जावे लागे. तिथे चीक गोळा करून तो घट्ट होण्यासाठी हातांवर, छातीवर, मांड्यांवर फासायचा आणि वाळल्यावर अंगावरच्या केसांसकट ओढून काढायचा. पुरुष परत येईपर्यंत त्यांच्या बायकांना ओलीस म्हणून कोंडून ठेवले जाई. तिथल्या गोऱ्या अंमलदाराला पगार बेताचा आणि रबरावर कमिशन, म्हणजे जितकी सक्ती जास्त तितकी त्याची मिळकत जास्त. सैनिकांना दिलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागे आणि काडतूस माणसावरच खर्च झाले याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा उजवा हात आणून दाखवावा लागे. एखाद्याने शिकारीवर गोळी उडवली असेल, तर भरपाईसाठी जिवंत माणसाचा हात तोडला जाई. कोट्याचा हुकूम, कमिशनचा दर, ओलीस ठेवण्याची रीत आणि काडतुसांची मोजदाद या साऱ्यांमागे राज्याचे आणि कंपन्यांचे नियम होते. माथेफिरू माणसे त्यात होतीच, परंतु शांत डोक्याच्या अंमलदारालाही कोटा भरायचा तर हेच करावे लागे.

मे १९०४ मध्ये बारिंगा येथील मिशनमध्ये न्साला नावाचा माणूस पानात गुंडाळलेली एक पुरचुंडी घेऊन आला. तिच्यात त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, बोआलीचा, तोडलेला हात आणि पाय होता. गावाने रबराचा कोटा भरला नाही म्हणून कंपनीच्या पहारेकऱ्यांनी त्याच्या बायकोला आणि मुलीला मारून टाकले होते. मिशनमधील अ‍ॅलिस सीली हॅरिस यांनी त्याचे छायाचित्र घेतले: व्हरांड्याच्या कडेला बसलेला बाप समोर ठेवलेल्या त्या दोन लहान अवयवांकडे पाहतो आहे. रोगराई आणि मोजके माथेफिरू यांची सबब सांगणाऱ्यांनी हे छायाचित्र एकदा तरी नीट पाहावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

राजाला हे माहीत नव्हते, असेही सुचवले जाते. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाने काँगो पाहून १८९० मध्येच राजाला जाहीर पत्र लिहिले होते. पुढे एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या जहाज कंपनीतला कारकून अँटवर्पच्या धक्क्यावर येऊन माल उतरताना पाहत असे. काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंताने भरलेली असत, आणि परत जाताना त्यांत मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा चढे. व्यापार होत असेल तर मालाच्या बदल्यात माल जायला हवा होता. तो जात नव्हता, यावरून तिथे सक्तीची मजुरी चालू आहे हे मोरेलने ओळखले. १९०४ मध्ये ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९०५ मध्ये राजाने स्वतः नेमलेल्या चौकशी मंडळानेही मुख्य आरोप खरे ठरवले. १९०८ च्या ऑगस्टमध्ये, प्रदेश बेल्जियमकडे सोपवण्याआधी, काँगो राज्याचे दफ्तर ब्रुसेल्समध्ये आठ दिवस जाळले जात होते.

चौथा दावा: माणसे रोगाने मेली.

त्सेत्से माशीमुळे पसरणारा झोपेचा आजार आणि देवी यांनी असंख्य बळी घेतले, हे निर्विवाद आहे. तेव्हा जनगणना झालेली नसल्यामुळे एक कोटी हा वारंवार दिला जाणारा आकडा अंदाजच आहे आणि तो ठाम सत्य म्हणून सांगू नये, हेही मला मान्य आहे. पण रोग पसरला तो कोणत्या स्थितीत? शेती करणारे पुरुष जंगलात, बायका कोठडीत, गावे जाळलेली, माणसे नदीपार पळालेली, पोटात अन्न नाही. असा समाज साथीला बळी पडतो तेव्हा त्याची जबाबदारी केवळ माशीवर टाकता येत नाही.

पाचवा दावा: रेल्वे आणि विकास तर झालाच.

मातादी बंदरापासून लिओपोल्डव्हिलपर्यंतची, म्हणजे आजच्या किन्शासापर्यंतची रेल्वे १८९० ते १८९८ या काळात बांधली गेली. समुद्राजवळच्या टप्प्यात काँगो नदीवर धबधब्यांची रांग आहे, त्यामुळे बोटींचे सुटे भागही हमालांच्या डोक्यावरून वर न्यावे लागत. आतला माल बंदरापर्यंत आणण्यासाठी ही रेल्वे हवी होती. अधिकृत नोंदीनुसारच तिच्या बांधणीत १३२ गोरे आणि १,८०० इतर मजूर मेले. पुढचे लोहमार्ग मुख्यतः आग्नेयेकडील कटंगा प्रांतातल्या तांब्यासाठी टाकले गेले. त्यामुळे देशाच्या आग्नेय टोकाच्या लुबुम्बाशीहून निघालेला लोहमार्ग राजधानीपर्यंत पोहोचलाच नाही. तो इलेबोला नदीकाठी संपतो आणि पुढचा प्रवास बोटीने करावा लागतो. मिशनच्या प्राथमिक शाळा मोठ्या संख्येने निघाल्या आणि झोपेच्या आजाराविरुद्ध मोहिमा झाल्या, याचे श्रेय द्यायला हवे. मात्र रबराच्या उत्पन्नाचा मोठा वाटा ब्रुसेल्समधील कमानी, राजवाडे आणि फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्यावरील बंगले यांत गेला.

१९०८ नंतर हात तोडणे थांबले, सक्ती थांबली नाही. १९१७ पासून कापसाची सक्तीची लागवड आली, वर्षातून ६० दिवस सक्तीच्या कामाचे ठरले आणि दुसऱ्या महायुद्धात ते १२० करण्यात आले. लिओपोल्डला तर काँगोसाठी केलेल्या त्यागाबद्दल कृतज्ञता म्हणून पाच कोटी फ्रँक मंजूर झाले, आणि तो पैसा काँगोतूनच वसूल व्हायचा होता.

सहावा दावा: चालता देश मिळाला आणि त्यांनी तो बुडवला.

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला तेव्हा विद्यापीठाची पदवी असलेले काँगोवासी तीसच्या आत होते. सुमारे २५,००० सैनिकांच्या फोर्स पब्लिकमध्ये सगळे अधिकारी बेल्जियन होते. ५ जुलैला सेनापती जान्सेन्स याने सैनिकांसमोर फळ्यावर ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’ असे लिहिले, आणि त्याच दिवशी बंड पेटले. ११ जुलैला देशातला सर्वांत श्रीमंत कटंगा प्रांत फुटून निघाला. त्याच्या पाठीशी बेल्जियन सैनिक होते आणि तांब्याच्या खाणी चालवणाऱ्या युनियन मिनिएर कंपनीचा पैसा होता. निवडून आलेले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची १७ जानेवारी १९६१ रोजी त्याच कटंगात हत्या झाली. त्या वेळी बेल्जियन अधिकारी तिथे हजर होते. बेल्जियमच्या संसदीय चौकशीने २००१ मध्ये आपल्या देशाची नैतिक जबाबदारी मान्य केली आणि २००२ मध्ये सरकारने माफी मागितली. १९६५ मध्ये सत्ता बळकावून १९९७ पर्यंत देश लुटणाऱ्या मोबुटूच्या गुन्ह्यांचा हिशेब मोबुटूकडेच मागितला पाहिजे. पण त्याला तीन दशके टिकवणाऱ्यांत अमेरिका, फ्रान्स आणि बेल्जियम होते, हे त्या मजकुरात कुठेच नाही.