विश्वाचा अनुशेष

पोरीची दहावीची परीक्षा संपली आणि तिसऱ्याच दिवशी तिने जाहीर केलं की उद्यापासून रोज रात्री नऊ ते दहा हॉलमधला टीव्ही ताऱ्यांचा. सिनेमातल्या नव्हे, आकाशातल्या. तेरा भागांची परदेशी मालिका होती, हिंदीत डब केलेली. विश्व कसं सुरू झालं, तारे कसे जन्मतात, कसे मरतात, सगळं.

अडचण एवढीच की नऊ ते दहा ही वेळ गेली अकरा वर्षं आईच्या ताब्यात आहे. सध्या तिच्या सिरियलमधली धाकटी सून थोरलीला द्यायला दुधाचा पेला घेऊन निघाली होती आणि त्या दुधात काहीतरी होतं. अशा वेळी घरातलं सत्तांतर सोपं नसतं. पण नातीपुढे आईचं चालत नाही. "किती दिवस आहे तुझं ते?" तिने विचारलं. तेरा, असं कळल्यावर म्हणाली, "म्हणजे सुतकच पाळायचं म्हणा की. पाळते बाप्पा. तेराव्याला मोकळं करा मला."

मी मात्र मनातून खूष होतो. पन्नाशी उलटली की माणसाला अफाट काहीतरी बघून स्वतः क्षुल्लक वाटून घ्यायची हौस येते. ऑफिसात ही हौस रोज फुकट भागते, पण त्यात भव्यता नसते. तेव्हा दिवा मालवून, पाय पसरून, १३८० कोटी वर्षांसमोर निमूट बसायचं असा माझा बेत होता.

नागपुरात एप्रिलच्या शेवटी निमूट बसता येत नाही, कारण कूलर. ज्यांच्याकडे फक्त एसी आहे त्यांना कळायचं नाही. आमचा लोखंडी आहे, खिडकीत स्टँडवर बसवलेला, वाळ्याच्या ताट्या लावलेला, आणि त्याचा पंखा बहुधा आधी विमानाला होता. अवकाशात आवाज पसरायला माध्यमच नाही, असं निवेदक सांगत होता. आमच्या हॉलमध्ये माध्यम आहे, पण ते सगळं कूलरने अडवलं आहे. पहिल्या दिवशी महास्फोट झाला, तो आम्हाला ऐकू आला नाही.

तेवढ्यात काका आले. काका दोन गल्ल्या सोडून राहतात. सरकारी खात्याच्या हिशोब विभागातून निवृत्त. त्यांच्या कूलरचा पंप जळला होता आणि तो दुरुस्त करण्यापेक्षा आमच्याकडे येऊन बसणं त्यांना स्वस्त पडत होतं. डोक्याचा दुपट्टा सोडत त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"हे काय पाहून राहिले बे?"

"विश्वाची उत्पत्ती."

"कोन्या चॅनलवर?"

पडद्यावर दीर्घिका एकमेकींपासून लांब पळत होत्या. विश्वाला मध्य नाही, कुठूनही पाहिलं तरी बाकी सगळं आपल्यापासून दूर जाताना दिसतं, असं निवेदक म्हणाला. इथे काका अडले. मध्य नाही, हे नागपूरच्या माणसाला सांगायची गोष्ट नाही. आमच्या गावात झिरो माईलचा दगड आहे, त्याच्या बाजूला दगडाचे घोडे आहेत, आणि देशाचा मध्य इथेच आहे हे आम्हाला दुधाचे दात पडायच्या आत शिकवलेलं असतं.

"मध्य काऊन नाही? मोजला नसंन यांनी," काका म्हणाले.

पोरीने फुगा आणला. त्यावर पेनाने ठिपके काढले, फुगवून दाखवला. प्रत्येक ठिपका दुसऱ्यापासून लांब जातो, पण फुग्याच्या कातडीवर मध्य कुठेच नाही. मला तिचा अभिमान वाटला. काकांनी फुगा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"समजलं. मंग फुगवणारा उभा कुठी आहे?"

पोरगी माझ्याकडे बघू लागली. मी ताट्यांना पाणी नीट येतंय का ते बघायला उठलो.

दुसरा त्रास बायकोचा. ती मालिका बघत नव्हती आणि सोडतही नव्हती. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये तिची एक लंबवर्तुळाकार कक्षा होती. दर सात-आठ मिनिटांनी ती सोफ्याजवळून जायची, क्षणभर थांबायची आणि विचारायची, "काय झालं?" आता काय काय झालं सांगू? पृथ्वी थंड झाली, समुद्र झाले, डायनासोर आले आणि गेलेसुद्धा, एवढं तू टरबूज चिरेपर्यंत झालं. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, म्हणजे सूर्य आत्ता विझला तर आपल्याला आठ मिनिटं पत्ता लागणार नाही, हे मी तिला गांभीर्याने सांगितलं. ती म्हणाली, "तेवढ्यात वरचे कपडे काढून होतील."

शुक्राचा भाग आईला आवडला. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडची गोधडी पांघरलेली असल्यामुळे तापमान ४६० अंशांच्या वर जातं, शिसं वितळेल इतकं. काकांना ते जरा लागलं. मे महिन्यात आमचा पारा ४७ ला टेकतो, तेव्हा बाहेरगावच्या नातेवाइकांना फोन करून तो आकडा सांगण्याचं काम तेच करतात. आईने वेगळाच हिशोब केला. "कुरडया एका घंट्यात वाळतील. राखण करायलाही बसायला नको, पाखरू कुठून येणार तिथं?"

आणि मग शनी आला. तोही नेमका शनिवारी. आईने पदर डोक्यावर घेतला आणि अर्धवट वळून बसली. शनीकडे समोरासमोर बघायचं नसतं. कडी झळकत होती, बर्फाचे असंख्य तुकडे, काही कणाएवढे तर काही घराएवढे, आणि ते सगळं माझी आई डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. शनीची घनता पाण्यापेक्षा कमी आहे, मोठ्ठा समुद्र मिळाला तर तो त्यावर तरंगेल, असं ऐकल्यावर ती पुटपुटली, "तेल वाहतात ते काय उगाच?" याचा संबंध मला अजून लागलेला नाही.

पोरगी मात्र पेटली. "आजी, तो वायूचा गोळा आहे. त्याला तू माहीतसुद्धा नाहीस. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, बस्स, एवढंच."

"किती?" आई वळली.

"साडेएकोणतीस."

"राशी किती?"

"बारा."

"भाग दे."

पोरीने मोबाइलवर भागाकार केला. दोन पूर्णांक पंचेचाळीस शतांश आणि वर थोडं. "म्हणजे एका राशीला अडीच वर्षं," आई म्हणाली, "आता तीन राशींचं कर. मागची, आपली आणि पुढची." पोरीने तीनने गुणलं. सात पूर्णांक सदतीस शतांश. हॉलमध्ये कूलर सोडून सगळे गप्प.

"साडेसाती," आई म्हणाली.

"साडेसात नाही झाले, आजी."

"बाकीचे ते पूर्णांकात करतात," काकांनी खुलासा केला. "पेन्शनमध्येही तसंच असतं."

"गोळा असो की चकली, हिशोब बरोबर आला की नाही?" असं म्हणून आईने पदर खाली घेतला आणि उरलेला भाग शनीकडे सरळ बघत पाहिला. पोरगी रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, विज्ञान हरलं का हो आज?" मी म्हटलं, हरलं नाही, पण कक्षेची मोजणी जुन्या लोकांचीही चोख होती हे आपण आधीच कबूल करायला हवं होतं. तिला ते पटलं नाही. मलाही नीटसं नाही.

कृष्णविवरांच्या भागात मी झोपलो. फार चांगला होता म्हणे.

पण अवकाशातल्या त्या जुन्या आवाजाची गोष्ट मी जागेपणी ऐकली आणि ती माझ्या काळजात घुसली. १९६४ साली अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन हे दोघे एका भल्यामोठ्या भोंग्यासारख्या अँटेनावर काम करत होते. त्यात सारखी एक खरखर यायची. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो की रात्र, खरखर तीच. आत कबुतरांनी संसार थाटला होता. दोघांनी कबुतरं हाकलली, शीट खरवडून काढली, आणि खरखर तशीच राहिली. ती कबुतरांची नव्हतीच. विश्व तान्हं असतानाचा प्रकाश गार होत होत अजूनही सगळीकडून येतोय, त्याची होती. १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं.

बायको नेमकी तेव्हा कक्षेच्या आतल्या टोकाला होती. आमच्या कूलरच्या स्टँडखाली सहा वर्षं कबुतरं आहेत आणि सहा वर्षं ती खरवडतेय. "कबुतरांची घाण काढली म्हणून नोबेल?" तिने एवढंच विचारलं आणि आत गेली. मीही मनात हिशोब केला. ताट्या बदलल्या, बेअरिंगला तेल दिलं, स्टँडखाली पुठ्ठे सरकवले, खरखर कायम आहे. कोण जाणे, मी कशाच्या किती जवळ होतो.

निवेदक पुढे म्हणाला की जुन्या टीव्हीवर स्टेशन नसताना मुंग्या यायच्या, त्यातल्या थोड्याशा या प्राचीन प्रकाशाच्याही होत्या. आई एकदम सावरून बसली. आमच्या जुन्या घरी बाबा भर उन्हात कौलांवर चढून अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" आम्ही खालून ओरडायचो, "मुंग्या आहेत!" रविवारी संध्याकाळी सिनेमाच्या आधी हे अर्धा अर्धा तास चालायचं.

"देवाचं चाललं होतं समोर," आई म्हणाली, "आणि आपण त्यांना उगाच वर चढवलं."

सोन्याच्या भागाला मात्र सगळे हजर होते. सोनं साध्या ताऱ्यांच्या पोटात तयार होत नाही. न्यूट्रॉन तारे, ज्यांचा चमचाभर माल अब्जावधी टन भरेल, ते एकमेकांवर आदळले की सोन्यासारखे जड धातू तयार होतात. अशी एक टक्कर १७ ऑगस्ट २०१७ रोजी शास्त्रज्ञांच्या उपकरणांनी टिपली, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं लांबची. बायको हातातला झारा घेऊन उभी राहिली. गळ्यातल्या मंगळसूत्राची वाटी तिने चिमटीत धरून पाहिली. मला वाटलं, आता ही भारावली. ती म्हणाली, "म्हणजे इतवारीतला सराफ मजुरी उगाच लावतो. मेहनत तर तिकडेच झालेली असते."

ती टक्कर गुरुत्वलहरींवरून, म्हणजे अवकाशात उठलेल्या तरंगांवरून, टिपणाऱ्या वेधशाळेसारखीच एक आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात होणार आहे, हे मी माहितीसाठी सांगितलं. ती माझी चूक.

"हिंगोली?" काका उठून बसले. "म्हणजे मराठवाड्यात? विदर्भाची हद्द तिथून कितीक लांब आहे? दोन तालुके इकडं सरकवता येत नव्हती?" अनुशेष हा काकांचा आवडता शब्द आहे. सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा, आता गुरुत्वलहरींचा. "वरून काही पडायचं असलं की बरोबर विदर्भात पडते. लोणारचा खड्डा कोन्या जिल्ह्यात? बुलढाण्यात. दोन हजार बावीसच्या पाडव्याला ते चिनी रॉकेटचं कडं कुठं पडलं? सिंदेवाहीजवळ, लाडबोरीत. म्या सोता जळत जाताना पाह्यलं. आणि बांधायचं असलं की हिंगोली!"

यावर उत्तर नव्हतं. मुद्दा वैज्ञानिक नव्हता, पण यादी खरी होती.

पुढच्या भागात त्यांना आणखी बळ मिळालं. विश्वात आपल्याला कळतं असं साधं द्रव्य फक्त पाच टक्के, बाकी कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा, आणि ती नेमकी काय आहे हे कुणालाच माहीत नाही. काकांनी चष्मा काढला. "९५ टक्के मालाचा हिशोब लागत नाही, आन् हे लोक सिरियल काढून राहिले? आमच्या साहेबानं पाच टक्क्यांसाठी माझी ग्रॅच्युइटी अडवली होती."

शेवटच्या दिवशी पडद्यावर काळोख होता आणि त्यात एक फिकट ठिपका. १९९० च्या फेब्रुवारीत, ६०० कोटी किलोमीटरवरून, व्हॉयेजर यानाने मागे वळून टिपलेली पृथ्वी. आपले सगळे राजे, सगळे संत, सगळी भांडणं त्या ठिपक्यावर. कूलर नुकताच बंद केला होता, त्यामुळे निवेदकाचा आवाज पहिल्यांदाच स्वच्छ येत होता. तेरा दिवस मी ज्याची वाट पाहत होतो ते क्षुल्लकपण अखेर माझ्यात उतरू लागलं. तेवढ्यात बायको पुढे झाली, "काय पडलंय टीव्हीवर," म्हणाली, आणि पदराने पृथ्वी पुसली.

गेली नाही. तिने बोट ओलं करून पुन्हा पुसली.

ते यान १९७७ साली निघालं, अजून चाललंय. त्यात सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि ५५ भाषांमधले नमस्कार आहेत. त्यात एक मराठी. हे ऐकल्यावर सगळेच सरसावले. मराठी! सूर्यमालेच्या पार!

"कोनती मराठी?" काकांनी विचारलं.

"मराठी म्हणजे मराठीच, काका."

"तसं नसते. बोलणारा कुठचा? 'आहे-नाही'वाली असंन नं शुद्ध? मंग ऐकणाऱ्याला वाटणार सगळे तसेच बोलतात." ते खरोखर चिंतेत पडले. "आपलं एक वाक्य टाकायचं. 'काय करून राहिले बाप्पा? जेवले का?' बस. त्याला बी आपुलकी वाटते."

"आणि उन्हाळ्यात येऊ नका म्हणावं," आई म्हणाली. "यायचंच असलं तर खिशात कांदा ठेवा."

दहा वाजले. आईने रिमोट उचलला. तेरावं झालं होतं, तिचा हक्क होता. सिरियल संपता संपता लागली. धाकटी सून जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी होती. हातात दुधाचा तोच पेला. मागे ढोल वाजत होते, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तीनदा गेला, आणि तिने पाचव्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"काही नाही चुकलं माझं," आई म्हणाली.