आई परत येणार नाही असं त्यांना वाटलं

आज सकाळी व्हिसा सेंटरला गेले होते, माझ्याच कामासाठी. काम दहा मिनिटांचं होतं, बसावं लागलं दीड तास. पण चिडले त्यामुळे नाही. घरी आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, लिहून टाकते, नाहीतर आज झोप यायची नाही.

माझ्या पुढे एक आजोबा-आजी होते. सत्तरी नक्की ओलांडलेली. ठसे घ्यायचं मशीन असतं ना काचेचं, त्यावर आधी उजव्या हाताची चार बोटं ठेवायची, मग डाव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. आजोबांचे ठसेच उमटेनात. लाल दिवा. परत लाल. काउंटरवरची मुलगी म्हणाली आजोबा जरा दाबून ठेवा, मग तिने टिश्यू दिला, मग सॅनिटायझर, मग स्वतःच त्यांची बोटं धरून काचेवर टेकवली, तरी लाल. शेवटी आजींनी पर्समधून क्रीमची छोटी डबी काढली आणि तिथेच, सगळ्या रांगेसमोर, त्यांचं एकेक बोट हातात घेऊन चोळून दिलं. आजोबा मान खाली घालून उभे. म्हणाले, "आयुष्यभर सिमेंटात हात घातलेत, रेषा कुठनं राहणार." आणि मग त्या मुलीला, "सॉरी हं बाळा."

सॉरी कशाबद्दल? घरं बांधली म्हणून?

त्या मुलीची काही चूक नाही, ती चांगलीच वागत होती. सेंटरवाले तसंही काही ठरवत नाहीत, ते कागद आणि ठसे घेऊन दूतावासाकडे पाठवतात, निर्णय तिकडे होतो. पण ते "सॉरी" ऐकलं आणि मला माझी आई दिसली. तिथेच, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर, फाईल पोटाशी धरून बसलेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आईने ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हिमनदीचा धडा तिचा सगळ्यात लाडका. फळ्यावर रंगीत खडूने यू आकाराची दरी काढायची, वर लोंबती दरी, खाली हिमोढ म्हणजे बर्फाने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, मुलांना सांगायची बघा रे, नदी दरी खोल कापते आणि बर्फ ती रुंद खरवडतो. ३१ वर्षं. आणि स्वतः एकही हिमनदी पाहिलेली नाही. रिटायर झाल्यावर एकदाच म्हणाली, खरी दरी एकदा बघायचीये गं, मी काढायचे तशीच असते का ते. आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकमेव गोष्ट.

२०२३ ची गोष्ट. मी लागले कामाला. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, त्याला काय काय लागतं ते ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, हॉटेलचं बुकिंग, जाण्यायेण्याचं रिझर्वेशन, रोज कुठे राहणार त्याचा तक्ता, कव्हर लेटर म्हणजे का चाललोय ते सांगणारं पत्र. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा, आणि त्यात आजारी पडलात किंवा तिथे मेलात तर परत पाठवायचा खर्चसुद्धा धरलेला पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

फॉर्म भरताना आई इतकी खूश होती की काय सांगू. मला म्हणाली, शेंगेन हे गाव आहे माहितीये का तुला, लक्झेंबर्गमध्ये, मोझेल नदीच्या काठावर, तिथे नदीतल्या बोटीवर १९८५ साली पाच देशांनी करार केला. ज्या गावात सीमा मोडायचं ठरलं, त्याच गावाच्या नावाचा फॉर्म आपण भरतोय. शिकवल्यासारखं सांगत होती आणि मी घाईत होते, "हो गं आई, इथे सही कर" एवढंच म्हणाले. आज तेही खूप लागतंय मनाला.

पंधराव्या दिवशी पासपोर्ट परत आला. आत छापील फॉर्म. त्यावर कारणांची यादी असते आणि तुमच्या कारणासमोर खूण असते, बस. आईच्या फॉर्मवर खूण होती ती अशा अर्थाच्या ओळीसमोर की व्हिसा संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे.

आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग घडी घातली, परत पाकिटात ठेवलं आणि मला विचारलं, "मी परत येणार नाही असं त्यांना का वाटलं गं?"

काय उत्तर देऊ? सांगा ना. ही बाई माझ्याकडे आठ दिवस राहायला आली तरी पाचव्या दिवशी बॅग भरून बसते, झाडांना पाणी कोण घालेल म्हणून. जन्मात कधी ती कुठे रमली नाही, तिचं घर म्हणजे तिचा जीव. आणि कुठल्या तरी टेबलावर कोणीतरी, तिला न बघता, न भेटता, न बोलता, ठरवलं की ही बाई पळून जाणार. हिमनदीत लपून बसणार का ती ६६ व्या वर्षी?

घराची ओढ कागदावर कशी दाखवायची असते मला खरंच कळत नाही. बँकेत पैसे आहेत, दाखवले. घर आहे, दाखवलं. पेन्शन आहे, दाखवली. यापुढे काय? आणि तो इन्शुरन्स! मेली तर परत पाठवायची सोय आधी पैसे भरून करून घेतात, आणि जिवंत बाई स्वतःच्या पायाने परत येईल यावर विश्वास नाही.

आणि हे फक्त युरोपचं नाही. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात कलम २१४ (बी) आहे, त्याप्रमाणे टुरिस्ट व्हिसा मागणारा माणूस कायमचाच राहायला येतोय असं आधीच धरलं जातं, तसं नाही हे तुम्ही ऑफिसरला पटवायचं. तेही काउंटरच्या काचेपलीकडून, दोन-तीन प्रश्नांत. फी १८५ डॉलर, नाकारलं तरी परत नाही. शेंगेनची फी तेव्हा ८० युरो होती, ११ जून २०२४ पासून ९० झालीये, सेंटरचे पैसे वेगळे, तीही परत नाही. म्हणजे संशय तुमचा, निर्णय तुमचा, आणि त्याचे पैसे आईच्या पेन्शनमधून.

हो, माहितीये, टुरिस्ट व्हिसावर जाऊन गायब होणारे लोक आहेत, खोटी स्टेटमेंट बनवून देणारे आहेत, प्रत्येक देशाला आपलं दार सांभाळायचा हक्क आहे. मान्य. पण दार सांभाळणं वेगळं आणि दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला चोर म्हणणं वेगळं.

तेव्हा एका एजंटला विचारलं तर म्हणाला, मॅडम, त्यांची ट्रॅव्हल हिस्ट्रीच नाहीये ना. अरे कधी गेली नाही म्हणूनच तर जायचंय तिला! आधी सोपे देश फिरून या, शिक्के जमवा, मग बघू. ६६ वर्षांच्या गुडघ्यांना शिक्के जमवायला सांगतोय. आणि माझ्या ऑफिसातला एक जण, चांगला मुलगा आहे, त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट आहे, तो गुरुवारी तिकीट काढतो आणि शुक्रवारी निघतो. त्याने काय वेगळं केलं आयुष्यात? जन्माला दुसरीकडे आला. त्याला कोणी विचारत नाही की बाबा तू परत जाशील ना.

अपील करता येतं, तसं त्या फॉर्मवरच लिहिलेलं असतं. पण ते ज्या देशाने नाकारलं त्या देशाच्या कायद्याप्रमाणे. मी म्हणाले करूया. आई नको म्हणाली. "ज्यांना शंका आहे त्यांच्या घरी कशाला जायचं." तिने कधी आवाज चढवून बोललेलं मला आठवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

मला सगळ्यांना व्हिसा द्या असं म्हणायचं नाहीये. पण नाकारता तर त्या माणसासाठी एक ओळ लिहा. खूण नको, ओळ. आई, तुमच्या अमुक कागदात हे कमी पडलं. एवढं लिहिलं असतं तर ती तो प्रश्न घेऊन बसली नसती. कारण ती अजून बसते. मागच्या महिन्यात टीव्हीवर बर्फाचे डोंगर दाखवत होते तर म्हणाली, "आपलं पत्र नीट नव्हतं का गं?" इतके दिवस तिला वाटतंय चूक तिची होती. त्या आजोबांना वाटलं तसंच.

आजोबांचे ठसे शेवटी आले, तेही सांगते. सगळे आले की नाही माहीत नाही, पण मुलगी म्हणाली झालं आजोबा, आणि आजींनी डबीचं झाकण लावलं. ते दोघं कुठे चाललेत विचारायला हवं होतं. मला नाही विचारवलं.

घरी आल्यावर बसून वाचत होते, तर शेंगेनसाठी एकदा दिलेले ठसे ५९ महिने परत वापरता येतात. आईचे ५९ महिने अजून व्हायचेत. म्हणजे बहुतेक तिला त्या काचेसमोर पुन्हा उभं राहावं लागणार नाही. मघाशी फोन करून सांगितलं तिला. बराच वेळ गप्प होती. मला वाटलं नाहीच म्हणणार. मग म्हणाली, "या वेळी पत्र मी लिहिते. तू घाईत लिहितेस."

तर मंडळी, एक मदत हवीये. तुमच्यापैकी कोणाचा व्हिसा याच कारणाने नाकारला गेला आणि दुसऱ्यांदा अर्ज करून मिळाला असेल तर कमेंटमध्ये सांगा, कव्हर लेटरमध्ये आधीच्या नकाराबद्दल काय आणि कसं लिहिलंत. लपवायचं नाहीये, लपवणार नाही. आणि पत्र हाताने लिहिलेलं चालतं का तेही सांगा, कारण आईचं अक्षर छापल्यासारखं आहे आणि तिला टाइप करायचं नाहीये.