धरणावर जायचंय ना? मग असं जा

पाऊस लागून महिना झाला आणि तुम्ही अजून एकदाही धरणावर गेला नसाल तर नाशकात राहायचा तुम्हाला अधिकारच नाही. गंगापूर, काश्यपी, मुकणे, दारणा, भावली, वाघाड, करंजवण, वैतरणा, एवढी धरणं एका जिल्ह्यात बांधून ठेवलीत ती काय शेतीला आणि प्यायला बांधलीत असं वाटतं का तुम्हाला? ती तुमच्या रविवारसाठी आहेत. मी पंधरा-वीस वर्षं नेमानं जातोय, त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

आधी शब्द नीट करा. धरण म्हणायचं नाही, धरण म्हटलं की पाटबंधारे खातं आठवतं. ‘बॅकवॉटर’ म्हणायचं. ‘बॅकवॉटरला चाललोय’ म्हटलं की निम्मी पिकनिक तिथंच होते. प्लॉट विकायचा असेल तर ‘लेक’ म्हणायचं, लेक व्ह्यू, लेक साईड, लेक टच, आणि त्या प्लॉटवरून पाणी दिसायला गच्चीवर टाकी, टाकीवर स्टूल आणि स्टुलावर तुम्ही लागता हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही.

निघायची वेळ महत्त्वाची. सकाळी सहाला निघालं तर रस्ता मोकळा, हवा गार, पाण्यावर धुकं, म्हणजे मजा काहीच नाही. आधी चुलीवरच्या मिसळीला पाऊण तास वेटिंग, मग मिसळ, मग ताक, आणि मग भर बारा वाजता अख्ख्या शहराबरोबर गंगापूर रोडला लागायचं. ट्रॅफिकमध्ये अडकलात की खिडकीतून डोकं बाहेर काढून ‘काय गर्दी झालीये भो, लोकांना काही कामधंदे नाहीत’ असं म्हणायचं, ते म्हटल्याशिवाय पुढं जायला परवानगी नाही.

गाडी पाण्यापर्यंत न्यायची. अगदी टायर भिजला पाहिजे. काठावर जे मऊ, सपाट, हिरवं गवत दिसतं ना ते मैदान नसतं, पाणी मागं सरलेला धरणाचा गाळ असतो, वर चार बोटं कवच आणि खाली लोणी, पण हे गाडी आत गेल्यावर कळतं. मला कळलं. मित्राची नवी एसयूव्ही, मागं सहा जण ‘जाते जाते, घे अजून’ म्हणायला, आणि पुढची दोन्ही चाकं दरवाजाच्या कडेपर्यंत आत. गाळात जाणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून पाच मार्कांना लिहिला होता पण अर्थ त्या दिवशी समजला. तासाभरानं शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरवाल्या दादाच्या हातात साखळी तयारच होती, मी म्हटलं दादा तुम्हाला कसं कळलं साखळी लागेल, तर म्हणाला, ‘रविवार आहे ना’. पंधराशे घेतले. पावसाळ्यात त्याला द्राक्षापेक्षा हे पीक बरं पडत असणार, छाटणी नाही, फवारणी नाही, गारपिटीचीही भीती नाही.

आता पोहणं. ‘पाणी खोल आहे, पोहण्यास सक्त मनाई’ असा बोर्ड दिसला की समजायचं जागा बरोबर निवडली. बोर्डाला शर्ट अडकवायचा, त्याचा दुसरा काही उपयोग आजवर कुणी केलेला मी पाहिलेला नाही. पोहता येत नसेल तरी हरकत नाही, नुसतं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचंय. कमरेएवढं पाणी शोधायचं कसं, तर सोपं आहे, दोन पावलं टाकली की गुडघा, तिसऱ्याला कंबर, आणि चौथ्याला तुम्ही दिसत नाही. उन्हाळ्यात धरणातला गाळ आणि मुरूम उपसून नेतात, ते खड्डे बुजवायला कुणी येत नाही, पाणी येतं. वरून सगळं सारखंच दिसतं, आरशासारखं. जुनी नदी आणि तिचे ओढेसुद्धा तिथंच खाली असतात, धरण बांधलं म्हणून ते कुठं निघून गेलेले नाहीत. त्यात दोन पेग पोटात असतील तर उत्तम. आणि एक जण बुडायला लागला की बाकी तिघांनी हात धरून साखळी करून आत जायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पेपरात चौघांचे फोटो एका ओळीत येतात. दोरी, रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब असलं काही गाडीत ठेवायचं नाही, डिकीत जागा लागते, बॉक्स असतो.

बॉक्सचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बाटली रिकामी झाली की घरी परत न्यायची नाही, बायको बघेल. दगडावर फोडायची. गंगापूर धरण मातीचं आहे, १९६५ साली पुरं झालं, त्याच्या भिंतीला पाण्याच्या बाजूनं जे दगड लावलेत ते लाटांनी माती खचू नये म्हणून लावलेत असं इंजिनिअर लोक म्हणतात, पण नेम धरायला त्याच्यासारखे दगड नाहीत.

मागच्या श्रावणात तिथं एक कणीसवाली मावशी होती. शेगडी, कणसं, लिंबू, तिखट-मीठ. आम्ही म्हटलं मावशी केवढ्याला, म्हणाली तीसला एक. कणीस भाजत ठेवून ती उठली, पाण्यात घोट्याएवढी उतरली आणि वाकून काहीतरी वेचायला लागली. मला वाटलं शिंपले. परत आली तेव्हा ओच्यात काचा, हिरव्या, तपकिरी, एका बाटलीची अख्खी मान झाकणासकट. म्हटलं कशाला हो मावशी, हात कापेल. म्हणाली, ‘परवा म्हशीच्या खुरात गेली बाबा, चार दिस दूध नाही.’ आणि काचा गोणपाटात टाकून हात पुसून आमच्या कणसाला लिंबू चोळायला लागली. आता मला सांगा, अशानं मूड जातो की नाही? माणूस लांबून पैसे खर्चून येतो आणि त्याच्यासमोर काचा वेचायच्या. तिला कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे, टुरिझम असा वाढत नसतो.

पक्षी बघायची हौस असेल तर निफाडच्या पुढं नांदूरमध्यमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं इंग्रजांनी १९०७ ते १९११ मध्ये बंधारा घातला, त्यात शंभर वर्षं गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढली आणि पक्ष्यांना ते आवडलं, २०२० साली तर ती महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. म्हणजे गाळात जाऊन कुणाचं भलं झालं असेल तर फक्त या बंधाऱ्याचं. तिथं थंडीत बदकं हजारो मैल उडून येतात, त्यांच्या स्वागताला ब्लूटूथ स्पीकर न्यायलाच हवा. लाल-पिवळा टी-शर्ट घाला, मनोऱ्यावर चढून ‘ए फ्लेमिंगो कुठंय’ असं ओरडा, आणि सगळे उडाले की ‘काहीच नव्हतं तिथं, नुसतं गवत’ असा रिव्ह्यू टाका.

मे-जूनमध्ये काजव्यांना भंडारदऱ्याला जाणारे तर माझे खास लाडके. तो जिल्हा आपला नाही पण गर्दी आपलीच. काजवा अंधारात चमकून जोडीदाराला बोलावतो, एवढंच त्याचं म्हणणं असतं, आणि त्यासाठी पोरं पन्नास गाड्यांचे हेडलाईट अप्परवर टाकून त्या झाडाकडे तोंड करून उभी राहतात. मग फ्लॅश मारून फोटो. फोटोत झाड येतं.

वैतरणेला मुंबईकरांना माझा आग्रहाचा सल्ला आहे, मनसोक्त डुंबा, साबण लावला तरी चालेल. ते पाणी खाली मुंबईलाच जातं. तुमचंच आहे, कुणाला विचारायची गरज नाही.

आपलंही तसंच आहे म्हणा. गौतमी आणि काश्यपीचं पाणी गंगापूरमध्ये येतं आणि गंगापूरचं आपल्या नळाला. कुरकुऱ्याचं पाकीट, डायपर, थर्माकोलच्या प्लेटा, गाडी धुतलेला फेस, यातलं जड ते तळाला बसतं, विरघळणारं विरघळतं, आणि हलकं असेल ते गेटमधून सुटलंच तर रामकुंडावरून नांदूरमध्यमेश्वर करत पार पैठणला जायकवाडीच्या नाथसागरापर्यंत जाऊ शकतं. आपल्याला पैठणची वारी जन्मात घडली नाही, पाकिटाला घडते.

नाथसागरावरून आठवलं, ऑक्टोबर लागला की मात्र हा सगळा कार्यक्रम थांबवायचा आणि एकदम अस्मिता जागी करायची. जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली राहिलं की वरच्या धरणांतून पाणी सोडायचा विषय निघतो, मग आपण ‘आमच्या हक्काचं पाणी, एक थेंब देणार नाही’ म्हणून स्टेटस ठेवायचं. फोटो जुलैतलाच वापरायचा, बॅकवॉटरचा, मागं सूर्यास्त असलेला. तळाशी बाटली दिसत असेल तर क्रॉप करा.

आणि विसर्ग सुटला की बघायला गेलंच पाहिजे. गंगापूरमधून अमुक हजार क्युसेक सोडले असा मेसेज आला की सहकुटुंब धरणावर पळायचं. क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, तर दहा हजार क्युसेक म्हणजे किती हे आकडेमोड करत बसू नका, ते पाणी करतंच. गाडी तेवढी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर, लावून मित्राच्या गाडीतून वर जा, घाटावर पार्किंग फुकट आहे. वर जाऊन विसर्गाचा व्हिडिओ काढा, ग्रुपवर टाका, तोपर्यंत खाली गंगेत उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलेलं असतं. आपल्याकडं पूर मीटरमध्ये कुणी मोजत नाही, गुडघा, कंबर, छाती, गळा असाच मोजतात. कंबरेपर्यंत आलं की तुमच्याच ग्रुपवर कुणीतरी घाटावरचा व्हिडिओ टाकतो, त्यात एक पांढरी स्विफ्ट हळूहळू वळत चाललेली असते. तिला अंगठा द्यायच्या आधी नंबरप्लेट झूम करून बघून घ्या.

सोमवारी सकाळी नळाला पाणी पिवळसर आलं की ग्लासात धरून उजेडाकडं करून फोटो काढायचा आणि नगरसेवकाला पाठवायचा. खाली लिहायचं, ‘साहेब, हे असलं पाणी आम्ही प्यायचं का?’ पोहे करायला मग वीस लिटरचा जार मागवा.