‘ऑटोमॅटिक गाडीचे पाच आवाज’ पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गेल्या रविवारी वाईहून काकांचा फोन. “अरे, गिअरबॉक्स गेला गाडीचा. गॅरेजवाला दीड लाख सांगतोय.” कुणी उघडून बघितला का, विचारलं, तर म्हणाले, “उघडायचंय काय त्यात? घोंगावल्यासारखा आवाज येतोय. तुला मेसेज पाठवलाय, त्यात सगळं दिलंय. म्हणून तर पाचगणीहून येताना पसरणी घाट न्यूट्रलमध्येच उतरलो, गिअरबॉक्सला ताण नको म्हणून.”

गाडीत मागे काकू आणि दोन नातवंडं होती. त्या क्षणी माझा जो संताप झाला तो काकांवर नव्हता, त्या मेसेजवर होता.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘ऑटोमॅटिक गाडीचे पाच आवाज ओळखा, लाखो रुपये वाचवा.’ थोडक्यात त्यात असं आहे: घोंगावणारा आवाज म्हणजे गिअरबॉक्स संपला. असा आवाज आला की उतारावर न्यूट्रल टाका, गिअरबॉक्स थंड होतो. तेल कमी वाटलं तर कुठलंही जाड गिअर ऑइल ओता, आवाज बसतो. ‘पी’मधून (पार्किंगमधून) काढताना ठक्क वाजलं तर आतला दात तुटला. आणि कंपनी काहीही सांगो, गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर टिकत नाही.

बारा वर्षं मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच उघडतोय. न्यूट्रलपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या गोष्टींनी पैसे जातात, याने माणूस जातो.

गिअरबॉक्सला न्यूट्रलमध्ये विश्रांती मिळते हे मुळातच उलटं आहे. ऑटोमॅटिकच्या पोटात तेलाचा पंप असतो आणि तो इंजिन फिरवतं, चाकं नाही. न्यूट्रल टाकलं की इंजिन आयडलवर येतं, म्हणजे पंपही सर्वांत मंद चालतो. चाकं मात्र उतारावर पळतच असतात आणि आतला शाफ्ट त्यांच्या वेगाने फिरत असतो. फिरणं जास्त आणि तेल कमी, अशी ती अवस्था. याउलट गाडी ‘डी’मध्ये (ड्राइव्हमध्ये) किंवा हाताने खालच्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर इंजिन जास्त फेऱ्यांवर राहतं, पंप भरपूर तेल देतो आणि गाडी इंजिनच्या अडवणुकीनेच धरली जाते. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत त्या वेळी डिझेल-पेट्रोल बंद केलं जातं. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून ते जळतच राहतं. म्हणजे बचतीचा मुद्दाही गेला.

राहिले ब्रेक. माणसं आणि सामान धरून काकांची टोयोटा इनोव्हा क्रिस्टा दोन टनांच्या वर जाते. एवढं वजन एकट्या ब्रेकवर, वळणामागून वळण, अख्खा घाट. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. पुणेकरांना हे नव्याने सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री नवले पुलाजवळ एका ट्रकच्या धडकेने अनेक गाड्यांचा चुराडा झाला होता, आणि उतारावर ट्रकचं इंजिन बंद केलं होतं असं प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. माझं ऐकू नका हवं तर. गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये पुस्तक असतं, ते काढा. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की गाडी धावत असताना लिव्हर ‘एन’मध्ये (न्यूट्रलमध्ये) नेऊ नका, इंजिन ब्रेकिंग मिळत नाही आणि अपघात होऊ शकतो. काकांना फोनवरच ते पान उघडायला लावलं आणि मोठ्याने वाचून घेतलं.

आता घोंगावणं. हा मेसेज आवाज ‘कसला’ एवढंच विचारतो. गिअरबॉक्सच्या कामात पहिला प्रश्न आवाज ‘कधी’ हा असतो. घूं, हूं, किर्र हे प्रत्येकाच्या कानाला वेगळं ऐकू येतं, त्यावरून निदान होत नाही.

काकांना म्हटलं, गाडी सपाटीला उभी करा, ‘पी’मध्ये ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून हळूच रेस करा. आवाज वाढतो? “नाही.” वाढला असता तर पंप, कमी झालेलं तेल, चोंदलेला फिल्टर यांच्याकडे बघावं लागलं असतं, किंवा गिअरबॉक्स सोडून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या बेअरिंगकडे, कारण तेही इंजिनबरोबरच फिरतं. मग म्हटलं, मोकळ्या रस्त्यावर साठचा वेग धरा आणि हाताने एक गिअर खाली घ्या. इंजिनच्या फेऱ्या वाढल्या, वेग तोच. आवाज बदलला? “नाही रे, तसाच.” तिथेच मला निम्मं कळलं. इंजिनच्या फेऱ्यांशी ज्याचं देणंघेणं नाही आणि गाडीच्या वेगाबरोबर जो चढतो-उतरतो, तो आवाज बहुतेक वेळा टायरचा, चाकाच्या बेअरिंगचा नाहीतर डिफरन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचा) असतो. एखाद्याच गिअरमध्ये येऊन बाकीच्यांत गप्प बसणारा आवाज असता, तर मी गिअरबॉक्सवर संशय घेतला असता. शेवटी रिकाम्या मैदानात गाडी सावकाश डावी-उजवीकडे वळवून बघितली. डावीकडे वळताना आवाज वाढला. डावीकडे वळलं की भार उजव्या चाकांवर येतो. पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. काही हजारांत काम झालं. दीड लाखाचा गिअरबॉक्स शाबूत आहे.

ते जाड तेल ओतण्याचं वाचून तर मला बसवेना. काकांच्या ओळखीच्या गॅरेजात नव्वद नंबरचं ऑइल तयारच ठेवलं होतं! तसलं जाड तेल डिफरन्शियलसारख्या जागी लागतं. ऑटोमॅटिकच्या आत बारीक झडपा असतात, केसासारख्या वाटा असतात आणि तेलातच बुडालेल्या क्लचप्लेट्स असतात. तिथलं पातळ तेल वंगण तर करतंच, पण दाब पोचवतं, थंडावा देतं आणि प्लेट किती घसरावी व कधी पकडावी हेही त्यातल्या रसायनांवर ठरतं. ते घर्षण नेमकं साधावं म्हणून अमेरिकेत १९७०च्या आसपासपर्यंत या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत असत. व्हेलला संरक्षण मिळालं तेव्हा पर्याय शोधताना कंपन्यांची दमछाक झाली. इतकं नाजूक प्रकरण आहे ते, आणि मेसेज म्हणतो कुठलंही ओता. सीव्हीटीत, म्हणजे गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, तर पट्टा आणि पुलीच तेलात राहून एकमेकांना धरतात. चुकीचं तेल गेलं की पट्टा घसरतो आणि पुलीवर चरे पडतात, ते परत भरून येत नाहीत. वर बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच (तेल मोजायची पट्टीच) नसते. इंजिन चालू, तेल ठरावीक तापमानाला, तेव्हा पातळी मोजायची असते. मग ‘तेल कमी वाटलं’ ते कशावरून?

‘पी’मधल्या ठक्कबद्दल: चढ-उतारावर नुसता ‘पी’ टाकून पाय काढला की गाडीचं सगळं वजन आतल्या एका छोट्या खुंटीवर येतं. ती सुटताना वाजते, तुटत नाही. ब्रेक दाबून ‘एन’, मग हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, मगच ‘पी’. ठक्क गेला तर विषय संपला.

शेवटचा मुद्दा मात्र बराचसा खरा आहे, हे मला मान्य करावं लागतं. ‘लाइफटाइम’ म्हटलेलं तेलही उष्णतेने म्हातारं होतं. घाटात, गर्दीत, भर उन्हात चालणाऱ्या गाड्यांसाठी अनेक मॅन्युअलमध्ये वेगळं, लवकरचं वेळापत्रक दिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. पन्नास-साठच्या वेगात हलक्या पायावर गाडी रम्बलरवरून गेल्यासारखी थरथरली, तर जुनं तेल हे त्याचं एक नेहमीचं कारण असतं. तेल बदला, पण त्या गिअरबॉक्ससाठी सांगितलेलंच.

एएमटीवाल्यांना, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने हलतात अशा गाड्यांच्या मालकांना, तर या मेसेजने उगाच घाबरवलंय. सेलेरिओसारख्या गाडीचं दार उघडलं की आतून घुर्र आवाज येतो, तो क्लच-गिअर हलवणाऱ्या पंपाने दाब भरल्याचा असतो. गाडी ठीक आहे.

आणि ज्यांना खरंच आवाज येतोय, त्यांनी मेकॅनिककडे जाण्याआधी एवढं करा: मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा आणि वेगाचा काटा व इंजिनच्या फेऱ्यांचा काटा दोन्ही दिसतील असा, आवाजासकट, एक मिनिटाचा व्हिडिओ काढून घ्या. गाडी थंड असताना एक आणि अर्ध्या तासाने तापल्यावर एक.