पथकाचा हॉल: एका प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या स्काउट पथकाचा आणि हॉलचा इतिहास मी लिहिला, त्यावर तुम्ही म्हणता: ‘पत्र्याच्या हॉलचं कौतुक करणाऱ्याला स्काउटिंग कळलेलंच नाही. ब्राऊन्सी बेटावरच्या पहिल्या स्काउट शिबिरात कुठे हॉल होता? पुस्तकाचं सालही चुकलंय, आणि मुलींचं तर नावच नाही.’

सालाचं मान्य. स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांचं ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक जानेवारी १९०८ पासून भागाभागांनी निघालं, मी १९०७ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय.

पण ‘कळलेलंच नाही’ ही काय बोलायची रीत झाली? हॉल नको म्हणा, माझं मत खोडून काढा, हरकत नाही. स्काउटच्या मूळ नियमांतला पाचवा नियम सौजन्याचा आहे, तो तुमच्याही पाठ असेलच. मी बाराव्या वर्षी स्कार्फ बांधला, पुढे संघनायक, म्हणजे पथकातल्या एका छोट्या गटाचा नायक, झालो, सहा वर्षं त्या हॉलची किल्ली माझ्या खिशात होती. तुम्ही किती वर्षं पथकात काढलीत, ते लिहायचं मात्र राहूनच गेलं.

ब्राऊन्सीचं म्हणाल, तर तिथे हॉल नव्हता हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ऑगस्ट १९०७ मधला, जेमतेम आठवडाभराचा, वीसएक मुलांचा तो प्रयोग होता. पथक वर्षभर चालवायचं असतं, उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांचं काय? पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या कितीतरी पथकांनी सैन्याला नको झालेल्या लाकडी झोपड्या घेतल्या आणि स्वतः उभ्या केल्या. त्यांनाही स्काउटिंग कळलं नव्हतं का?

आमचं पथक आधी एका शाळेच्या व्हरांड्यात भरायचं. शाळेला जागा हवी झाली की दोर, काठ्या, झेंडा सगळं उचलून आम्ही बाहेर. एका पावसाळ्यात चार आठवडे सभाच झाली नाही, आणि अकरा पोरं परत आलीच नाहीत. माझा जिवलग मित्र त्यातलाच. हॉल झाला तेव्हा चारही संघांना एकेक कोपरा मिळाला. आमच्या कोपऱ्यात एका खिळ्यावर गाठींचा दोर टांगलेला असे. येणारा प्रत्येक जण आधी त्यावर क्लोव्ह हिच ही गाठ बांधून बघायचा. इतक्या हातांनी तो दोर मधोमध काळा, गुळगुळीत झाला होता. माझ्यानंतरच्या पोरांनीही तोच वापरला. तंबू आठ दिवसांनी गुंडाळला जातो हो, त्यात असा दोर राहील कुठे?

मुलींचं म्हणाल, तर १९०९ च्या लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या स्काउट मेळाव्याला त्या आपणहून आल्या होत्या, तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी. माझा लेख एका पथकाचा होता आणि त्यात तेव्हा मुली नव्हत्या.

हॉलचं कौतुक करणारं माझं वाक्य मी बदलणार नाही. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, पण आधी लेख पुरता वाचा.