दोन एकर जास्तीचे

आज ऑफिसात जेवताना एकजण सहज बोलून गेला, "आपण टॅक्स भरायचा आणि या शेतकऱ्यांनी कर्ज बुडवायचं." माझा डबा तसाच झाकला. तिथं तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून इथं लिहितेय.

२००८ साली केंद्राची कर्जमाफी आली तेव्हा मी दहावीत होते. अट दोन हेक्टरची, म्हणजे पाच एकर. आमचं यवतमाळ जिल्ह्यात सात एकर, सगळं कोरडवाहू. शेजारच्या काकांचं विहिरीचं ओलीत पाच एकर, त्यांचं सगळं माफ. आणि पावसाच्या भरवशावर कापूस लावणारा माझा बाप 'मोठा शेतकरी'! आम्हाला २० हजारांची सूट, तीही बाकीचे भरले तर. थकले होते ५८ हजार. उरलेल्या ३८ हजारांसाठी आईच्या पाटल्या गेल्या. बाबांनी सोसायटीची पावती घडी करून पेटीत ठेवली नि म्हणाले, "सुटलो वं बाई." आईनं हात पदराखाली घेतले.

कोण बुडवतंय कर्ज? २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरपर्यंत, मग थेट डिसेंबर अखेरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीत! कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३मध्ये बंद केली, ती उघडली मे २०२४मध्ये. शहरात आपण स्वस्त कांदा खाल्ला आणि तिकडं कुणाच्या तरी सातबाऱ्यावर बोजा चढला. भाव ज्यानं पाडला, कर्ज त्यानं फेडावं. सरकारनं फेडावं, आणि हो, माझ्या टॅक्समधून फेडावं. कंपनी बुडाली की बँका 'हेअरकट' घेतात, म्हणजे कर्जाचा काही भाग सोडून देतात, कागदोपत्री, शांतपणे. तिथं कुणाला बुडव्या म्हणत नाहीत. शेतकऱ्याला मात्र 'माफी'. माफी गुन्ह्याला असते. त्यानं काय गुन्हा केला?

निवडणुकीत घोषणा झाली की ऐपत असलेलेही भरणं थांबवतात, हे खरं आहे. आमच्या गावातही थांबवतात. पण बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, सावकाराकडून घेतलेलं कर्ज सहसा यादीत येत नाही, हेही खरं आहे, आणि ते मला जास्त टोचतं.

२००८ नंतर बाबांनी एकही मार्च चुकवला नाही. उसनवारी करून नवं-जुनं करायचे, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायचे. नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत देऊ, असं राज्याच्या २०१९च्या कर्जमाफी योजनेच्या वेळी सांगितलं, हातात पडायला २०२२ उजाडलं. बाबा म्हणाले, आता तुझ्या पाटल्या करू. आई म्हणाली, आधी हरभऱ्याचं बियाणं आणा.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. तो ऑफिसातला मुलगा वाईट नाही. त्याचेही घराचे हप्ते आहेत, ते कुणी माफ करत नाही. आणि आठवलं, शेजारच्या काकांनी तेव्हा पेढे वाटले होते. मी खाल्ला नव्हता. बाबांनी खाल्ला. त्यांच्या ओट्यावर बसून, चहा घेऊन आले. "त्याचं तरी सुटलं," एवढंच बोलले.

धाकट्या भावाला पेटीतल्या पावतीचा फोटो मागितला होता, उद्या त्या मुलाला दाखवायला. आत्ताच आला. घडीवरची शाई उडालीय. ३८ हजारांचा आकडा मात्र वाचता येतोय.