पहिलीच्या आधीचं भांडण

२०२५च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदी सक्तीवरून तिकडे महाराष्ट्रात जे पेटलं होतं ते मी इथे इंग्लंडात, लीड्समध्ये रोज रात्री वाचायचो, मुलगी मांडीवर झोपलेली आणि मी एका हाताने फॅमिली ग्रुपवर भांडतोय. २९ जूनला सरकारने हिंदीचे दोन्ही जीआर, म्हणजे शासन निर्णय, मागे घेतले तेव्हा ग्रुपवर फटाके फुटले, मीही फोडले. सक्ती नकोच होती. पण दुसऱ्याच दिवशी चुलतभावाने पोराचा व्हिडिओ टाकला, अडीच वर्षांचं पोरगं सोफ्यासमोर उभं करून इंग्लिश राइम म्हणवून घेतलीय, त्याला शब्द कळत नाही एक आणि खाली सगळ्यांचे अंगठे. आमची आईसुद्धा त्यात.

तो नेहमीचा फॉरवर्ड मला नका पाठवू, आपण पावसाला ये म्हणतो आणि इंग्रज जा म्हणतात वगैरे. नोव्हेंबरात इथे राहून बघा, तुम्हीही जाच म्हणाल.

इथल्या लायब्ररीत आठवड्यातून एकदा राइम टाइम असतो, अर्धा तास, फुकट. पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलगी पाच महिन्यांची, म्हटलं हिला काय शिकवणार. तर शिकवत कोणीच नाही. बाळं मांडीवर, गातात मोठी माणसं, तीही बेसूर, आणि ठरलेल्या शब्दाला बाळाला गुडघ्यावरून खाली सोडायचं. चार-पाच वेळा झालं की तो शब्द यायच्या आधीच बाळ खिदळायला लागतं. 'म्हणून दाखव' हा प्रकारच नाही. आता हे आपल्याकडे नव्हतं का? न्हाणं झाल्यावर तीट लावताना आजी 'अडगुलं मडगुलं' म्हणायची ते दुसरं काय होतं?

१९८४मध्ये कॅनडात वर्कर आणि टीस या दोन संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी घरातल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले त आणि ट वेगळे ऐकू येतात, १० ते १२ महिन्यांपर्यंत बहुतेकांना येईनासे होतात. माझ्या घरी याचा रोज पुरावा आहे. बायको इथलीच, यॉर्कशायरची, मराठीची हौस दांडगी, पण 'ताट' म्हणताना दोन्ही अक्षरांना एकच काहीतरी मधलं निघतं, फरक म्हणून दाखवला की म्हणते तू दोनदा तेच म्हणालास. बरं, यूट्यूबवर बडबडगीतं लावून देऊ ही माझी सोयही गेली, कारण २००३मध्ये सिअॅटलला पॅट्रिशिया कूल यांच्या प्रयोगात ९ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसाकडून १२ बैठकांत मँडरिन चिनीचे आवाज ओळखायला शिकली, टीव्हीवरून नाही शिकली.

माझी ही काळजी चुलतभावाला लावणं बरोबर नाही हे कळतं मला. त्याच्या पोराचा ट कुठे जात नाही, जिन्यात, भाजीवालीकडे, आजीकडे सगळीकडे मराठीच आहे. पण ज्या भाषेत त्याला गंमत कळते त्यात त्याच्याशी कोणी असं खेळत नाही, आणि आपण भांडतो सहाव्या वर्षी शाळेत काय शिकवायचं यावर.

मागच्या आठवड्यात लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, तुझ्या भाषेतलं एक होऊ दे. मी ऐटीत 'अडगुलं मडगुलं' सुरू केलं, दहा-बारा गोरी बाळं माझ्याकडे बघतायत, आणि दोन ओळींनंतर पुढचं आठवेना. तिथूनच आईला फोन लावला, तिची दुपारची झोप चालली होती. पुढची ओळ तिने झोपेतच सांगितली.